क्रिटिकल केअरची परीक्षा आणि ब्रिटिश क्वेश्चन बँक: आठ महिन्यांनंतर

डीआरएनबी क्रिटिकल केअर, म्हणजे आयसीयूतल्या उपचारांचा सुपरस्पेशालिटी कोर्स, त्याच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका ब्रिटिश क्वेश्चन बँकेचं, म्हणजे ऑनलाइन सरावप्रश्नांचं, सबस्क्रिप्शन घेतलं. आधी सहा महिन्यांचं, मग दोन महिने वाढवून. निमित्त इडिक या युरोपियन आयसीयू डिप्लोमाच्या पहिल्या भागाचं, डोळा मात्र आमच्या डीआरएनबीच्या थिअरीवर, म्हणजे लेखी परीक्षेवर. एकाच खर्चात दोन्ही उरकेल असा हिशेब होता. तो निम्माच बरोबर निघाला.

इडिकपुरतं बोलायचं तर पैसे वसूल. तिथे तीन तासांत 100 एमसीक्यू असतात आणि हात बसायला ही बँक उत्तम. उत्तरांखालची स्पष्टीकरणं हा तिचा खरा माल: चुकीचे पर्याय का चुकीचे, हेही नीट सांगतात. रात्री तीनला नवा पेशंट स्थिर करून ड्यूटी रूममध्ये टेकलं की दहा प्रश्न व्हायचे. अर्थात नेटवर्क असेल तर. आमच्या आयसीयूच्या मागच्या खोलीत ते नसतं, आणि ऑफलाइन सोडवलेले प्रश्न दोनदा कुठे गेले ते देवच जाणे.

सुरुवातीला युनिट्सनी घाम काढला. 'पीएओटू 8', म्हणजे धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब 8, हे वाचून मला वाटलं छापण्यातली चूक आहे. ते किलोपास्कल होते. साडेसातने गुणलं की आपले 60 मिलिमीटर पारा. साखरेला 18 ने गुणा, क्रिएटिनिनला 88.4 ने भागा. आयसीयूतल्या साखरेवरच्या नाइस-शुगर ट्रायलमधली 4.5 ते 6 ही साखर म्हणजे आपली 81 ते 108, हे डोक्यात बसायला आठवडा गेला. शेवटी लॉकरच्या दारावर चिठ्ठी चिकटवली.

मोठी उणीव वेगळीच. रोज आमच्या बेडवर असतं ते तिथे जवळपास नाही. ऑर्गॅनोफॉस्फरसवर, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवर, दोन प्रश्न, तेही युद्धातल्या विषारी वायूच्या अंगाने. स्क्रब टायफस, हा बारीक किडा चावून होणारा ताप, एकदा, प्रवासी पेशंट म्हणून. मण्यार चावून पापणीही न हलणारा पेशंट ब्रेन डेड वाटू शकतो, हे कुठेच नाही. विंचूदंशाचं तर नावच नको, महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून केलेलं काम आम्ही आमच्या सरांकडूनच शिकलो. ब्रेन डेथचे नियमही तिकडचे. तिथे दोन डॉक्टर पुरतात. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे चौघांचं पॅनेल आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. बँकेवर विसंबून पेपरात दोघांचं लिहिलं असतं तर गुण गेलेच होते.

पाचव्या महिन्यात माझा स्कोअर 78 टक्क्यांवर होता आणि मी हवेत. त्याच आठवड्यात सरांनी राउंडनंतर मॉक व्हायवा, म्हणजे सरावाची तोंडी परीक्षा, घेतली. "पुरुष, उंची 165, वजन 92, एआरडीएस. टायडल व्हॉल्यूम किती लावशील?" म्हणजे फुप्फुसं सुजून निकामी झालेल्या पेशंटला व्हेंटिलेटरने एका श्वासात किती मिलिलिटर हवा द्यायची. मी 92 ला सहाने गुणून म्हटलं, साडेपाचशे. सर काहीच बोलले नाहीत, नुसतं पेन पुढे केलं. हिशेब खऱ्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर करायचा: 50 अधिक 0.91 गुणिले उंचीतून 152.4 वजा, म्हणजे साधारण साडेएकसष्ट किलो. सहाने गुणून 370 च्या आसपास. हाच प्रश्न मी बँकेत तीनदा बरोबर सोडवला होता! तिथे चार आकडे समोर असायचे, त्यातला लहान दिसेल तो टिचकावायचा. सूत्र मला कधी आठवावंच लागलं नव्हतं. 78 मधले किती टक्के असे, कोण जाणे.

थिअरीत तर पर्याय नसतातच. तीन तासांत दहा प्रश्न, एकाला अठरा मिनिटं, त्यात आकृती आणि तक्ता. त्या दिवसानंतर मी पर्याय हाताने झाकून आधी उत्तर वहीत लिहायला लागलो. रोजचे चाळीस प्रश्न बारावर आले आणि स्कोअर 61 ला. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक लांब उत्तर. पहिल्याच दिवशी बोटं आखडली, कारण वर्षभर केसपेपरावरच्या चार ओळींपलीकडे हाताने काही लिहिलंच नव्हतं.

इडिकचा पहिला भाग सुटला, थिअरीही सुटली. आता प्रॅक्टिकल आहे. काल बँकेचा रिन्यूअलचा मेल आला, वीस टक्के सवलतीसह. केलं नाही. सध्या संध्याकाळी आम्ही तिघे जण रिकाम्या बेडशेजारी उभे राहून एकमेकांना व्हेंटिलेटरचे ग्राफ विचारतो, आणि सिस्टर हसतात.