टकटकणारी हार्ड डिस्क आणि तपकीर गल्लीतले दादा

खराब डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्या या दुकानाला चार तारे. पाचवा दिला नाही, कारण तब्बल २२ दिवस लागले आणि मध्ये फोन मलाच करावे लागले.

आईच्या रियाजाची सगळी रेकॉर्डिंग्ज असलेली डिस्क अचानक टक् टक् करू लागली. दुसऱ्या एका दुकानात म्हणाले, फॉरमॅट मारा. इथल्या दादांनी नुसता आवाज ऐकला नि म्हणाले, "ताई, आता परत चालू करू नका."

मग एक जुनी उघडी डिस्क समोर ठेवून त्यांनी समजावलं. तबकडीवरचा डेटा वाचणारं टोक म्हणजे हेड; त्याच्या दांड्याला कॉइल असते, तिच्याजवळ जबर चुंबक. करंट बदलला की दांडा सरकतो. पण थांबायचं कुठे? त्यासाठी कारखान्यातच तबकडीवर जागा दाखवणाऱ्या सर्वो खुणा लिहिलेल्या असतात. इंचभरात लाखांवर ट्रॅक (डेटाच्या गोल रेघा), मिनिटाला ५४०० फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात शंभराहून जास्त वेळा खुणा वाचून हेड स्वतःला सावरतं! माझ्या डिस्कचं हेड खराब झालं होतं, खुणा वाचता येईनात, म्हणून दांडा मागे येऊन पुन्हा धावत होता. तोच तो आवाज.

धूळमुक्त कपाटात हेड बदलून डेटा काढला. भैरवीची एक फाइल गेली, बाकी आई परत ऐकू येतेय.