कार्डाला दिलेला एक तारा मागे घेते आहे (नऊ महिन्यांनंतर)

सहाव्या आठवड्यात याच नेटवर्क कार्डाबद्दल मी लिहिलं होतं: "घेऊ नका. दर तीन-चार दिवसांनी मान टाकतं. एक तारा, कारण शून्य देता येत नाही." आता नऊ महिने झाले. कार्ड तेच आहे, उत्तम चालू आहे, आणि तो एक तारा मला झोपू देत नाही. म्हणून हे लांबलचक प्रायश्चित्त.

कार्ड म्हणजे साधं, जुन्या पीसीआयचं (मदरबोर्डावर कार्ड खोचायच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) गिगाबिट कार्ड. त्याची नवी पिढी, पीसीआय एक्सप्रेस, नव्हे. "आजच्या काळात पीसीआय?" असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते की माझ्या मदरबोर्डावर एक्सप्रेसचा एकुलता एक छोटा स्लॉट हार्ड डिस्कच्या कार्डाने अडवलाय आणि पीसीआयचे दोन स्लॉट पहिल्या दिवसापासून रिकामे आहेत. पैसे मोजून घेतलेली वस्तू रिकामी पडलेली मला बघवत नाही. शिवाय हे कार्ड एक्सप्रेसवाल्यापेक्षा बरंच स्वस्त होतं. जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून त्याचा राउटर आणि बॅकअपचं यंत्र करायचं, बोर्डावरचं पोर्ट बाहेरच्या जोडणीला आणि हे कार्ड घरातल्या नेटवर्कला, एवढा साधा बेत.

सुरुवात झकास झाली. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) कार्ड आपणहून ओळखलं, ड्रायव्हर शोधावा लागला नाही. ३२ बिट आणि ३३ मेगाहर्ट्झच्या बसवर (कार्डांनी वाटून घ्यायच्या डेटाच्या रस्त्यावर) सगळ्यांना मिळून सेकंदाला १३३ मेगाबाइटच मिळतात, त्यामुळे पूर्ण गिगाबिटची अपेक्षा नव्हतीच. ७० मेगाबाइटच्या आसपास फाइली सरकत होत्या. खूश होते.

मग एका सकाळी सगळं रांगायला लागलं. मेलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुठे बघायचं ते कळलं असतं. हे जिवंत होतं. लिंकचा दिवा हिरवा, पत्ता जागेवर, एकही पॅकेट हरवत नव्हतं, फक्त एरवी ०.३ मिलिसेकंदात येणारं पिंगचं (पोहोच तपासणाऱ्या छोट्या निरोपाचं) उत्तर कधी १२, कधी ८७, कधी ४३ मिलिसेकंदांनी यायचं. तासभर बघत बसले तेव्हा लक्षात आलं की आकडा वाटेल तसा उड्या मारतो, पण शंभराच्या पुढे जात नाही. या शंभराने माझं डोकं खाल्लं. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, वेग सक्तीने १०० मेगाबिटवर आणला, ऑफलोडची (प्रोसेसरचं काम कार्डावर टाकायची) सगळी बटणं बंद केली. शंभर ते शंभरच. यंत्र रीस्टार्ट केलं की सगळं ठीक, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

खोक्यावर लिनक्सचं नाव मोठ्या अक्षरांत छापलंय, म्हणून कार्डाच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरचा स्क्रीनशॉट पाठवा. विंडोज नाही म्हटलं. तर मग विंडोज टाकून स्क्रीनशॉट पाठवा. तिसऱ्या मेलनंतर मी तो एक तारा दिला. त्या दिवशी तो मला फार योग्य वाटला होता.

वळण आलं ते कीबोर्डामुळे. एरवी मी या यंत्रात दुसरीकडून लॉगिन करते. पण नेटवर्कच रांगत होतं म्हणून एकदा मॉनिटर आणि यूएसबी कीबोर्ड थेट जोडला, तर अक्षरं अडखळत उमटायला लागली. कीबोर्ड खराब म्हणून दुसरा लावला. तोही तसाच. रीस्टार्ट केल्यावर दोन्ही कीबोर्ड ठणठणीत! नेटवर्क कार्ड आणि कीबोर्ड एकाच वेळी आजारी पडतात आणि एकाच वेळी बरे होतात, याचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले याची लाज वाटते.

डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) पुन्हा उघडला, या वेळी वरपासून खालपर्यंत. आधी मी त्यात फक्त ईएनपी५एस० हे इंटरफेसचं नाव शोधत होते आणि त्या नावाची एकही तक्रार नव्हती. कशी असेल? तक्रार एका आकड्याच्या नावाने होती: "आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड". आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची रेषा, जिच्यावरून उपकरण प्रोसेसरला "माझ्याकडे बघ" अशी घंटा वाजवतं. खाली फंक्शनांची रांग, मग या रेषेवर कोण कोण बसलंय त्यांची यादी (यूएसबीचा एक कंट्रोलर आणि माझं कार्ड), आणि शेवटी १६ नंबर बंद करत असल्याची घोषणा. पहिल्या बिघाडापासून प्रत्येक वेळी ही नोंद तिथे होती.

ज्यांनी आयसा बसचे (पीसीआयच्या आधीच्या बसचे) दिवस पाहिलेत त्यांच्या अंगावर आयआरक्यू म्हटलं की काटा येतो. तेव्हा ० ते १५ अशा सोळाच रेषा. त्यातल्या बऱ्याचशा आधीच बळकावलेल्या, आणि नेटवर्क कार्डाचा जंपर ३ वर असला की दुसऱ्या सीरियल पोर्टाशी भांडण ठरलेलं. त्या बसवर वाटणी जमतच नसे. पीसीआयने ती सोय केली: एका रेषेवर अनेकजण, घंटा वाजली की कर्नल एकेकाला विचारणार, "तुझी का?" प्रत्येकाने "माझी नाही" म्हटलं आणि घंटा वाजतच राहिली, तर कर्नल मोजायला लागतो. एक लाख घंटांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाल्या की तो ती रेषाच कापून टाकतो, नाहीतर प्रोसेसर दुसरं कामच करू शकणार नाही.

आणि इथे माझ्या शंभराचा उलगडा. रेषा कापल्यावर कर्नल तिच्यावरच्या लोकांना अगदी वाऱ्यावर सोडत नाही. सेकंदाला दहा वेळा तो स्वतः जाऊन विचारतो, काही काम आहे का? दहा वेळा म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी. पॅकेट येऊन कार्डात पडून राहायचं आणि पुढच्या फेरीला उचललं जायचं. कीबोर्डाचंही तेच. मला हे कळलं तेव्हा मी घरात एकटीच होते, नाहीतर कुणाला तरी पकडून ऐकवलं असतं.

इथवर आल्यावर मी खटला यूएसबीवर भरला. दोघांचं एका रेषेवर पटत नाही, वेगळं करा, संपलं. कीबोर्ड दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टात टाकला (तो २३ वर होता) आणि १६ वरचा कंट्रोलर ड्रायव्हरपासून सोडवून घेतला. कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या प्रॉकमधल्या इंटरप्ट्सच्या फाइलीत १६ समोर आता एकटं माझं कार्ड. पाचव्या दिवशी पुन्हा "नोबडी केअर्ड". शेजारीच नाही तर भांडण कुणाशी?

मग स्लॉट बदलला. पीसीआयच्या चार इंटरप्ट रेषा स्लॉटगणिक फिरवून जोडलेल्या असतात, त्यामुळे कार्ड १७ वर गेलं. सोबत इंटरफेसचं नावही ईएनपी५एस१ झालं, कारण हे नाव बस आणि स्लॉटच्या क्रमांकावरून बनतं. फायरवॉलच्या नियमांत जुनं नाव होतं. त्या संध्याकाळी घरातलं कुणीच माझ्याशी नीट बोललं नाही. नाव मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) बांधून टाका हा सल्ला मी इतरांना देते, स्वतः पाळला नव्हता. आठवड्याने १७ ही गेला.

लिनक्सवर शंका नको म्हणून पेन ड्राइव्हवरून फ्रीबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चालवून पाहिली. तिथे पीसीआयकॉन्फने कार्ड नीट दाखवलं, व्हीएमस्टॅटने रेषांचे आकडे दिले, आणि चौथ्या दिवशी कन्सोलवर ओळ आली की १७ वर इंटरप्टचं वादळ आहे, वेग आवरतोय. रेषा कापायच्याऐवजी लगाम घालायची त्याची पद्धत मला जास्त सभ्य वाटली, पण रोग तोच. म्हणजे कर्नलही निर्दोष.

उरलं कार्ड. माझा एक तारा बरोबर होता असं वाटून मी दोन दिवस समाधानात होते. मग सहज एलएसपीसीआय (पीसीआयवरच्या उपकरणांची यादी) झाडाच्या रूपात छापलं. कार्ड चिपसेटला (बोर्डावरच्या मुख्य चिपला) थेट जोडलेलंच नव्हतं. मध्ये एक पूल होता.

या बोर्डाच्या चिपसेटमध्ये जुनं पीसीआय नाहीच. बोर्ड बनवणाऱ्याने एक्सप्रेसच्या एका लेनला रूपांतर करणारी छोटी चिप लावून त्यामागे ते दोन स्लॉट काढलेत. एक्सप्रेसमध्ये इंटरप्टची तार नसते, निरोप असतात: रेषा उचलली असा एक आणि रेषा सोडली असा दुसरा. माझ्या बोर्डावरचा पूल हा दुसरा निरोप अधूनमधून गिळत असणार. कार्डाने बोट केव्हाच काढलेलं, घंटेचं बटण मात्र आत अडकलेलं. कर्नल विचारतो, कार्ड खरं बोलतं, "माझी नाही", आणि खरं बोलल्याबद्दल त्याचीच रेषा कापली जाते.

खात्री करायला दोन गोष्टी केल्या. अडगळीतलं १०० मेगाबिटचं वेगळ्याच चिपचं कार्ड त्याच स्लॉटात लावलं. त्याला नऊ दिवस लागले, पण संदेश तोच. आणि हे कार्ड आणखी जुन्या यंत्रात लावलं, जिथे पीसीआय थेट चिपसेटमधून येतं. एकही तक्रार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी जाहीरपणे, ताऱ्यासकट केलं होतं.

तरी संन्याशात एक खोट आहे आणि ती मी सोडणार नाही. या कार्डाला एमएसआय नाही. एमएसआय म्हणजे इंटरप्टची रेषा न वापरता ठरलेल्या पत्त्यावर मेमरीत लिहून कळवणं. असं लिहिणं पुलावरून बाकीच्या डेटासारखंच जातं. उचला-सोडाची भानगड नाही, वाटणी नाही, गिळायला निरोप नाही. पीसीआय २.२ मध्ये १९९८ साली ही सोय आली. ऐच्छिक होती हे मान्य, पण त्यानंतर इतक्या वर्षांनी बनलेल्या कार्डात ती नसावी? एलएसपीसीआयच्या तपशिलात क्षमतांच्या यादीत वीजबचतीची ओळ आहे, एमएसआयची नाही. ती एक ओळ असती तर माझे चार महिने वाचले असते. विकत घेण्यापूर्वी कुणाकडे ते कार्ड असेल तर त्याला ही यादी छापायला सांगा. खोक्यावर हे कुणी छापत नाही.

लोकांनी सुचवलेले उपाय करून झालेत. बूटच्या ओळीत इर्कपोल टाकलं तर कर्नल प्रत्येक बेवारस घंटेला सगळ्या घरांची दारं ठोठावतो. नेटवर्क टिकलं, वेग अर्धा झाला. एसीपीआय (यंत्राच्या रचनेची माहिती कर्नलला देणारी व्यवस्था) बंद करा म्हणणाऱ्याचं ऐकून यंत्र एका कोअरवर आणून बसवलं, लगेच परत फिरले. खरोखर चाललं ते फुकटातलं जुगाड: ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं की कर्नल त्या रेषेला आणखी एक संधी देतो, अगदी शेजारी बसलेला असला तरी. मग क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) दर मिनिटाला लॉग बघणारी चार ओळींची स्क्रिप्ट टाकली. संदेश दिसला की मॉड्यूल खाली, मॉड्यूल वर, पाचेक सेकंदांचा खंड. दीड महिना घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र प्रत्येक नोंद दिसायची आणि टोचायची.

शेवटी राउटरचं काम त्या आणखी जुन्या यंत्राला दिलं आणि कार्ड तिकडे कायमचं हलवलं. ते यंत्र वीज जास्त खातं, याचा मला रोज थोडा त्रास होतो. पण चार महिने झाले, लॉगमध्ये "नोबडी" शोधलं तर काही सापडत नाही आणि पिंग ०.३ वर स्थिर. तिथेही कार्ड १६ वरच आहे, यूएसबीसोबतच, आणि दोघांचं छान पटतं.

म्हणून आता चार तारे. पाचवा एमएसआयसाठी कापला, तो परत मिळणार नाही. ज्या बोर्डावर पूल आहे त्याच्या जुन्या स्लॉटात हे काय, कुठलंच पीसीआय कार्ड लावण्याआधी ते झाड एकदा छापून बघा.

काल कंपनीची मेल आली. डिव्हाइस मॅनेजरचा स्क्रीनशॉट अजून मिळाला नाही, तक्रार बंद करू का, असं विचारलंय. करा म्हटलं.