एकच नोबेल, दोन विषाणू

2008 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मिळाला, उरलेला अर्धा फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतानिए यांना.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये 1983 साली एड्सची सुरुवातीची लक्षणं असलेल्या एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीतल्या पेशी प्रयोगशाळेत मरू लागल्या. बारे-सिनुसींनी रक्तदात्याच्या ताज्या पेशी त्यात घातल्या आणि विषाणू तगला. तोच एचआयव्ही! त्यातून रक्ततपासणी आली, औषधं आली. लस मात्र अजून नाही.

त्सुर हाउझेन यांची वाट जास्त एकाकी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं खापर तेव्हा हर्पिस विषाणूवर फोडलं जायचं. ते एचपीव्हीवर (ह्युमन पॅपिलोमा विषाणूवर) ठाम राहिले आणि त्याचे 16 व 18 हे प्रकार शोधले. सुमारे 70 टक्के रुग्णांत हेच दोन असतात. 2006 पासून लसही आहे. माझं झुकतं माप त्यांनाच, कारण इथे कर्करोग होण्याआधीच अडवता येतो.