आउटबोर्ड इंजिन ट्रेलरवरच्या होडीला लटकवून नेऊ नका: एका हंगामाच्या वापरानंतर

होडी 17 फुटी, शिडाची. तिच्या मागे बाहेरून अडकवायचं (आउटबोर्ड) इंजिन 5 हॉर्सपॉवरचं, फोर-स्ट्रोक, लाँग शाफ्ट म्हणजे लांब दांड्याचं, वजन 27 किलो. ते काढून गाडीत नेता यावं म्हणून घडीची दोनचाकी ट्रॉली, जाड फोमची गादी आणि रॅचेट पट्ट्यांची जोडी घेतली. पाऊस सरल्यापासून मे अखेरपर्यंत गोव्यात पर्वरी ते दोनापावल नेहमीच, आणि पत्रादेवीची हद्द ओलांडून मालवणपर्यंत अधूनमधून हा संच वापरला.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. शिडाच्या होडीवर इंजिन बहुधा वर-खाली होणाऱ्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटवर असतं, म्हणजे मागच्या फळीपासून चांगलं हातभर बाहेर. पाण्यात याचा त्रास नाही. रस्त्यावर मात्र प्रत्येक खड्ड्याला ते 27 किलो वजन ब्रॅकेटच्या बोल्टांना आणि फळीला हिसका देतं. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू असतानाचे वळसे ज्यांनी घेतलेत त्यांना हिसका म्हणजे काय ते ठाऊक आहे. इंजिन उचलून ठेवायची खिटी असते, पण ती होडी किनाऱ्याला उभी असतानासाठी. ट्रेलर ओढताना त्या खिटीवर विसंबू नका, असं बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेलं असतं.

दुसरा मुद्दा वजनाच्या तोलाचा, आणि माझ्या मते तोच मोठा. माझं इंजिन ट्रेलरच्या चाकांपासून अडीच मीटर मागे येतं आणि गाडीचा हुक चार मीटर पुढे आहे. हिशेब केला तर ते 27 किलो हुकावरचा भार सुमारे 17 किलोंनी कमी करतात. होडी-ट्रेलर मिळून 500 किलोंच्या आसपास, त्यात हुकावर 40-50 किलो हवेत. त्यातले 17 गेले की ट्रेलर शेपटी हलवू लागतो. इंजिन काढल्यापासून पणजीच्या अटल सेतूवर बाजूने बस गेली तरी ट्रेलर सरळ रेषेत येतो.

आता इंजिन गाडीत आडवं ठेवायचं कसं. फोर-स्ट्रोकच्या पोटात तेल असतं, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच झोपवायचं. बऱ्याच इंजिनांवर त्या बाजूला टेकू किंवा खूण असते. कूस चुकली तर तेल सिलिंडरमध्ये शिरतं. थोडं शिरलं तर सुरू करताना निळसर धूर येतो. जास्त शिरलं तर दोरीच ओढली जात नाही, कारण तेल दाबून लहान होत नाही; मग प्लग काढून ते बाहेर काढावं लागतं. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्याने ही भीती नाही. पण पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात, उरलेलं खारं पाणी डोक्याकडे जाण्याचा धोका दोन्हींना सारखाच. इथल्या रापणीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने मला एवढंच सांगितलं, "बाब, माथें वयर दवर," म्हणजे डोकं वर ठेव. म्हणून गोड्या पाण्याने धुतल्यावर इंजिन ट्रॉलीवर उभंच ठेवतो, पाणी निथळू देतो, मग झोपवतो आणि डोक्याखाली फोमचा जादा तुकडा सरकवतो. उतरवल्यावरही लगेच सुरू करत नाही. थोडा वेळ उभं ठेवून तेलाची पातळी बघतो.

पेट्रोलच्या बाबतीत सवलत नाही. नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. वेगळी टाकी असेल तर ती होडीतच, झाकण आणि हवेचा स्क्रू घट्ट करून. तरी वास येतोच. मे महिन्यात काचा थोड्या खाली ठेवूनच गाडी चालवावी.

संचाबद्दल. ट्रॉलीचा सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आहे, तो ठीक राहिला. बोल्ट साध्या लोखंडाचे निघाले आणि दिवाळीपर्यंतच लाल झाले. सुताराच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून स्टेनलेसचे बसवून घेतले. चाकं छोटी आणि कडक, रॅम्पवर उत्तम, वाळूत निरुपयोगी. मिरामारसारख्या किनाऱ्यावरून उतरवणाऱ्यांनी हवेची चाकंच घ्यावीत. इंजिन जिथे अडकवायचं ती प्लायची फळी पातळ होती, तिच्यामागे सागवानी तुकडा ठोकला. फोमची गादी पैसा वसूल. ती बंद पेशींच्या फोमची हवी, साधा फोम पाणी आणि तेल पितो. पट्टे चांगले, पण त्यांच्या खटक्यांत खारं पाणी बसतं, दर वेळी धुवावे लागतात.

27 किलो एकट्याने डिकीत चढवणं कमरेला बरं नाही. मी मागची सीट पाडतो, ट्रॉली डिकीच्या काठाला टेकवतो आणि इंजिन तिच्यावरूनच आत कलतं करतो. उंच डिकीच्या गाडीत हे जमणार नाही, तिथे दुसरा माणूस लागेल. आणि ज्यांचं इंजिन 13-14 किलोंचं, अडीच हॉर्सपॉवरचं आहे, त्यांनी ट्रॉलीवर पैसे घालू नयेत. त्यांना गादी आणि पट्टे पुरेत.