"मासा टाकीच्या मापानेच वाढतो" असं कोणी म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा

गेल्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला फिश टँक घ्यायला गेलो आणि तिची नजर गेली थेट "शार्क"वर, तीन इंची, करडे, चमकणारे, जोडी १५०. किती मोठे होतात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "काका, मासा टाकीच्या मापानेच वाढतो, दोन फुटीत आरामात राहील." आणि १०० लिटरची म्हणून टाकी २,४०० ला गळ्यात मारली.

तिथेच टेप लावायला हवी होती. २४ बाय १२ बाय १२ इंच, गुणाकार करून ६१ ने भागा, ५६ लिटर येतात, तेही काठोकाठ भरली तर!

सहा महिन्यांत मासे आठ इंच, धड वळता येईना, लाइट लावला की दचकून काचेवर धडकायचे, नाकाडं सोलवटून पांढरी पडलेली. परत गेलो तर म्हणे मग तीन फुटी घ्या ना, जुनी मी ठेवतो. जुनीचे ४०० दिले आणि पुढच्या आठवड्यात बघतो तर तीच टाकी नवी म्हणून मांडलेली, कोपऱ्यात लेकीने चिकटवलेला फुलपाखराचा अर्धा स्टिकर तसाच. तेव्हा ट्यूब पेटली, मासा १५० चा, खरी कमाई टाक्यांवर.

हा शार्क नाहीच, पंगासियस आहे, मेकाँग नदीतला कॅटफिश, चार फुटांपर्यंत जातो. हॉटेलात बासा म्हणून येतो तो बहुतेक हाच. आई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अरे हा तर खायचा मासा," आम्ही हसलो.

दुकानातले बाकीचे शार्कपण नावाचेच. रेड टेल सहा इंचापर्यंत, त्याला चार फुटी टाकी, साधारण २०० लिटर, आणि एकच ठेवा, दोन ठेवले की मारामारी. बाला शार्क फूटभर होतो आणि कळपात राहतो, म्हणजे सहा फुटी, ६ बाय २ बाय २ घेतली तर ६८० लिटर, नुसतं पाणीच ६८० किलो, आधी सोसायटीच्या स्लॅबला विचारा.

एक मासा गेला. दुसरा मासा "तलावात सोडून द्या" म्हणाला तो शहाणा दुकानदार, ते अजिबात करू नका, बाहेरचा मासा, इथल्या मासळीच्या मुळावर येतो. आमचा आता बदलापूरला ओळखीच्यांच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात आहे. तीन फुटी टाकी गॅलरीत पडलीय, कोणाला हवी असेल तर सांगा, माप मोजून देईन.