दोन फुटी फिश टँक, नऊ महिन्यांनंतर : टाकी चांगली, पण तो वॉल्व आधी घ्या

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अडीचला पाणी प्यायला उठले आणि हॉलमध्ये पाऊल टाकलं तर फरशीवर पाणीच पाणी. बाहेर पाऊस झोडपत होता, लाईट गेलेली. आधी वाटलं छत गळतंय. मोबाईलचा उजेड टाकला तेव्हा कळलं. टाकीत चार बोटं पाणी उरलेलं, दोन्ही गोल्डफिश खडीला पोट टेकून तोंड उघडझाप करत होते, आणि खाली ठेवलेल्या एअर पंपाच्या बुडातून बारीक धार अजून चालूच होती. चाळीस लिटरच्या आसपास पाणी गेलं होतं. सासूबाई उठल्या, त्यांनी न बोलता बॅरलचं झाकण काढलं आणि मगाने पाणी द्यायला लागल्या. मासे वाचले ते त्या शिळ्या पाण्यामुळे.

टाकीची मापं सगळ्यांना माहीत असतात, तरी सांगते : 2 × 1 × 1 फूट, 5 मिलिमीटर काच, काठोकाठ 56 लिटर. बेळगावच्या शहापुरातल्या काचवाल्याकडून नोव्हेंबरात 1,300 रुपयांना करून घेतली. पंप, स्पंज फिल्टर, लाईट, रंगीत खडी असं बाकीचं सामान दुसऱ्या दुकानातून. त्या दुकानदाराने मला प्लास्टिकचा पाणबुड्यासुद्धा विकला. पाणी उलटं पंपाकडे येऊ न देणारा नॉन-रिटर्न वॉल्व मात्र दाखवला नाही, आणि माझा सगळा राग त्यावरच आहे.

पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली असेल तर लाईट गेल्यावर पंपाच्या हवेच्या नळीत पाणी उलटं चढतं. टाकी काठापर्यंत भरलेली असली, आणि आमची होती, तर ते काठ ओलांडतं. एकदा ओलांडलं की सायफन सुरू, मग नळीचं टोक जिथपर्यंत बुडलंय तिथपर्यंत टाकी रिकामी होते. नळीच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा वॉल्व बसवला की हवा आत जाते, पाणी मागे येत नाही. मला तो 30 रुपयांना मिळाला. तीस रुपये! पावसाळ्यात बेळगावात लाईट किती वेळा जाते हे त्या दुकानदाराला माहीत नसेल का? जळका पंप घेऊन गेले तर म्हणाला, "पाणी शिरलंय की ओ मॅडम, हे वॉरंटीत येत न्हाई." मी म्हटलं, पाणी शिरू नये यासाठीची वस्तू तुम्ही दिली नाहीत. "तुम्ही मागितला न्हाई," म्हणाला. जी वस्तू असते हेच गिऱ्हाइकाला माहीत नाही, ती मागायची कशी? नवीन पंपाचे 280 रुपये गेले. त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

आता टाकीबद्दल. घेतली तेव्हा मला ती आवडली नव्हती. साच्यातल्या, गोल कोपऱ्यांच्या, झाकणासकट मिळणाऱ्या टाक्या दिसायला देखण्या, त्यापुढे ही साधी पेटी, कोपऱ्यात सिलिकॉनचे ओघळ दिसतात. मत बदललं ते मे महिन्यात. मैत्रिणीच्या साच्याच्या टाकीतली झाकणातली मोटर बिघडली आणि तिला त्याच मापाची मोटर कुठेच मिळेना. माझ्या पेटीला कोणताही पंप, कोणताही फिल्टर चालतो. नऊ महिन्यांत एक थेंब गळलेला नाही. काचवाल्याने सिलिकॉन वाळायला दोन दिवस टाकी स्वतःकडेच ठेवून घेतली होती, तेव्हा मी कुरकुर केली. आता वाटतं, बरं केलं.

एक गोष्ट खास आमच्या वडगावची. शेजारी माग आहेत. टाकी आधी मधल्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सकाळी माग सुरू झाले की पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठायची, ताटातल्या आमटीसारखी, आणि मासे दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे. मला वाटे पंपाचा दोष. पंप बंद केला तरी वर्तुळं तशीच! माशांना अंगाच्या बाजूने हादरे कळतात. स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि टाकीखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घातला, वर्तुळं जवळजवळ थांबली. थर्माकोल तसाही हवाच, भरलेली टाकी सत्तर किलोच्या घरात जाते आणि बुडाला एखादा खडा आला तरी काच तडकू शकते.

माझी स्वतःची चूकही लिहिते. टाकी भरली आणि दुसऱ्याच दिवशी चार मासे सोडले. तिसऱ्या आठवड्यात दोन मेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात मी स्पंज नळाखाली चोळून पांढरा स्वच्छ धुतला, म्हणजे क्लोरीनने होते तेवढे जिवाणूही मारले. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. आता स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळते, बस्स. दर रविवारी बारा लिटर पाणी बदलते. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे बॅरलमध्ये भरून ठेवलेलं असतंच. दोन दिवस उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो. पाण्याची ही अडचण माशांच्या पथ्यावरच पडली.

हीटर घेतला नाही, लागलाही नाही. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी गोल्डफिशना मानवते. गप्पी ठेवणार असाल तर मात्र 50 वॅटचा हीटर घ्याच, नाहीतर थंडीत अंगावर पांढरे ठिपके येतात.

जुलैनंतर तीन बदल केले. वॉल्व बसवला, पंप टाकीच्या वर फळीवर ठेवला, आणि पाणी काठापासून तीन बोटं खाली. पंप पाच वॅटसुद्धा खात नाही, म्हणून त्याची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डाला जोडून घेतली. एवढं केल्यावरसुद्धा पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा मी नळी बोटात धरून बघत बसले होते. पंप चालूच राहिला, नळीत पाणी मागे आलंच नाही.

गोल्डफिशसाठी ही टाकी पुरेशी आहे असं मार्चपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते. ते मागे घेते. दोघेही आता माझ्या मधल्या बोटाहून लांब झालेत, वळताना शेपूट काचेला लागते, आणि ही जात नीट सांभाळली तर दहा वर्षं जगते. गणपती झाले की त्याच काचवाल्याकडे तीन फुटीची ऑर्डर देणार. या पेटीत मग पोराचे गप्पी येतील. वॉल्व दोन जास्तीचे आत्ताच आणून ठेवलेत, मिठाच्या बरणीशेजारी.