पन्नास वॅटचा सेट, आठ महिन्यांनंतर

डिसेंबरात दोन मीटर बँडचा (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) मोबाईल, म्हणजे गाडीत बसवता येणारा वायरलेस सेट घेतला. त्याआधी पाच वॅटचा हँडी, म्हणजे हातात धरायचा सेट होता. २०१९ चा पूर पाहिलेला सांगलीतला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला म्हणून घरात बॅटरीवर चालणारा दमदार सेट असावा, एवढंच डोक्यात होतं. खोक्यावर ५० वॅट छापलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण निम्मं पाप माझंच निघालं.

पहिल्याच दिवशी निराशा. हँडीवर जो रिपोर्ट मिळायचा, म्हणजे सिग्नल कसा पोचतोय याबद्दल समोरच्याचं उत्तर, त्यापेक्षा जेमतेम बरा. वर ‘हाय’ पॉवरवर पीटीटी, म्हणजे माईकवरचं बोलायचं बटण दाबलं की डिस्प्ले मंद व्हायचा. मी कंपनीला शिव्या घालून मोकळा झालो. आमच्याकडे एक ज्येष्ठ हॅम आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी स्वतःचा वॅटमीटर आणि डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध) हातात ठेवला नि म्हणाले, “आधी व्होल्ट बघ, शिव्या नंतर दे.”

बघितले. इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून सेटपर्यंत तीन मीटर वायर, तीही घरात पडलेली पाऊण स्क्वेअर एमएमची. सेटच्या मागे मल्टिमीटर लावला तर नुसतं ऐकताना १२.७ व्होल्ट आणि पीटीटी दाबली की १०.८. डमी लोडवर पॉवर २६ वॅट. हिशेब सोपा आहे : जाणारी-येणारी मिळून सहा मीटर तार, सुमारे ०.१४ ओहम, त्यातून दहा अँपिअर, म्हणजे जवळपास दीड व्होल्ट तारेतच खलास. उरलेलं फ्यूजच्या सैल होल्डरने खाल्लं. होल्डर बोटाला चटका देत होता, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता! चार स्क्वेअरची वायर टाकली, लग क्रिंप करून वर सोल्डर केले, तर त्याच बॅटरीवर १२.२ व्होल्ट आणि ४३ वॅट. १३.८ व्होल्टच्या सप्लायवर ४८ येतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता.

एप्रिलमध्ये मात्र खरंच सेटचा दोष निघाला. लाल दिवा लागतोय, डिस्प्लेवरची पट्टी पूर्ण भरतेय, मीटरचा काटा जागचा हलत नाही. या सेटमधली ती पट्टी काही मोजत नाही, तुम्ही निवडलेलं सेटिंग तेवढं दाखवते, हे तेव्हा कळलं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर : अँटेना बदलून पाहा. अहो, डमी लोडवर अँटेनाचा काय संबंध? सप्लायवरचा करंट बघितला तर दहाऐवजी जेमतेम सव्वा अँपिअर. म्हणजे फायनल, सिग्नलला शेवटची ताकद देणारा भाग, पॉवर ओढतच नव्हती. काकांनी झाकण उघडून भिंग लावलं. फायनल मॉड्यूलच्या एका पायाचं सोल्डर गरम-गार होऊन चिरलेलं. पुन्हा सोल्डर केलं, सेट जिवंत. (वॉरंटी गेली, ते वेगळं.) तापण्याचा मूळ प्रश्न आहेच. सलग दहा मिनिटं बोललं की सेट आपोआप २० वॅटच्या आसपास उतरतो. नेट, म्हणजे हॅम मंडळींची हवेवरची ठरलेली बैठक चालवणाऱ्यांनी बाहेरून पंखा लावावा.

सगळ्यात फसवलं ते जुलैने. रिपोर्ट घसरत चालले, पण सेटजवळचा मीटर म्हणे ४७ वॅट बाहेर, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) १.२. उन्हाळ्यात १.५ होता! पावसात अँटेना सुधारली म्हणून मी खूश. काका हसले. मीटर आणि डमी लोड गच्चीवर, अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या वरच्या टोकाला लावला : ९ वॅट. अठरा मीटर आरजी-५८ केबल कोरडी असतानाच या फ्रिक्वेन्सीला निम्म्याहून जास्त पॉवर गिळते. त्यात वरच्या कनेक्टरमधून पाणी शिरून केबलच्या आतली तांब्याची जाळी काळी पडलेली. केबल जाताना खाते तशी परतणारी लाटही खाते, त्यामुळे खालच्या मीटरला सगळं आलबेल दिसतं. सडलेली केबल म्हणजे एसडब्ल्यूआर छान दाखवणारी लांबलचक डमी लोडच.

आता आरजी-२१३ ही जाड केबल आहे. वर ३३ वॅट पोचतात. कनेक्टरला चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, आणि खाली केबलला एक झोळ, म्हणजे पाणी ओघळून तिथून गळतं. हे करताना एक चूक होता होता राहिली. अँटेना सुटलेली असताना माईक हातात घेतला होता. बऱ्याच सेटमध्ये अशा वेळी पॉवर आपोआप कमी होते, पण त्या भरवशावर फायनल पणाला लावू नये.

ऐकण्याची बाजू उत्तम, माईकचा आवाज स्वच्छ, मेन्यू वैतागवाणा. एकदा पॉवर ‘लो’वर गेलेली मला दोन दिवस कळली नव्हती. पुन्हा घेईन का? घेईन, पण जाड वायर आणि चांगली केबल धरून बजेट काढीन. सेटला पाचपैकी साडेतीन. मीटरला पाच, पण तो काकांचा आहे आणि रविवारी ते न्यायला येणार आहेत.